मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि मायक्रोआरएनए: 'पुढे काय होणार' सांगणारी टेस्ट खरंच आहे का?

सूक्ष्मदर्शी:

दुसऱ्या एका धाग्यावर 'मिर-२१ वाढलेलं असलं की कोलन कॅन्सर हमखास परत येतो' असं कुणीतरी ठोकून दिलं होतं (मिर हे मायक्रोआरएनएचं छोटं नाव, कोलन म्हणजे मोठं आतडं) आणि त्याखाली +१ ची रांग लागली होती. तिथे उत्तर टंकायला घेतलं तर प्रतिसाद मूळ धाग्याहून लांब व्हायला लागला, म्हणून हा वेगळा धागा. मी लॅबमधे याच भानगडीत असते, म्हणजे टिश्यूतून आरएनए काढायचा, पीसीआर लावायचा आणि मग आकडे का जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसायचं. डॉक्टर नाहीये, त्यामुळे उपचारांचा सल्ला माझ्याकडून घेऊ नका.

आधी थोडक्यात, मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा आरएनएचा इवलासा तुकडा, त्याच्यापासून प्रोटीन बनत नाही, उलट तो दुसऱ्यांच्या प्रोटीनवर अंकुश ठेवतो. जीनमधून आधी लांबलचक प्रत निघते, केंद्रकात ड्रोशा नावाचं एन्झाइम ती कापतं, बाहेर आल्यावर डायसर परत कापतं, आणि उरलेला तुकडा आर्गोनॉट प्रोटीनमधे जाऊन बसतो. मग त्याच्या २ ते ८ या अक्षरांशी जुळणारी जागा ज्या मेसेंजर आरएनएच्या शेपटाकडे सापडेल त्याला पकडायचं, त्याचं भाषांतर थांबवायचं किंवा त्यालाच मोडीत काढायचं. सात अक्षरं जुळली तरी काम भागतं त्यामुळे एकेक मायक्रोआरएनए शेकडो जीन्सना हात घालू शकतो, आणि सगळी गंमत आणि सगळा घोळ इथूनच चालू होतो.

१९९३ साली अँब्रोस आणि रव्हकन यांच्या गटांनी एका सूक्ष्म कृमीत लिन-४ शोधलं तेव्हा बहुतेकांनी 'असेल बुवा कृमींचं काहीतरी' म्हणून सोडून दिलं. २००० मधे लेट-७ सापडलं, ते माणसापर्यंत सगळीकडे निघालं, मग लोक जागे झाले. २००२ मधे क्रोचे यांच्या गटाने एका प्रकारच्या ल्युकेमियात मिर-१५ आणि मिर-१६ ची जागाच उडालेली असते हे दाखवलं आणि २००३ मधे मोठ्या आतड्याच्या गाठींत मिर-१४३ आणि मिर-१४५ कमी दिसतात असा पेपर आला. (ही दोन नावं लक्षात ठेवा, खाली त्यांची वरात निघणार आहे.)

आता मूळ मुद्दा. २००८ मधे जामा या जर्नलमधे एक अभ्यास आला, मेरीलँडचे ८४ पेशंट आणि पडताळणीसाठी हाँगकाँगचे ११३. गाठीतले आणि शेजारच्या निरोगी अस्तरातले मायक्रोआरएनए मोजले, त्यात मिर-२१ जास्त असलेल्यांचं आयुर्मान दोन्हीकडे कमी निघालं, हेझार्ड रेशो (म्हणजे दगावण्याचा वेग दुसऱ्या गटाच्या किती पट) अडीचच्या आसपास, आणि स्टेजचा हिशोब धरूनही ते टिकलं. तेव्हापासून मिर-२१ या विषयाचा हिरो झालाय. कारणही पटण्यासारखं आहे, ते पीटेन आणि पीडीसीडी४ सारख्या ब्रेक लावणाऱ्या जीन्सना दाबतं.

पण 'दोन गटांच्या सरासरीत फरक आहे' आणि 'या पेशंटला काय सांगायचं' यांत केवढं अंतर आहे त्यासाठी हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकते, सिग्नल खरा आहे, पण तो नेमका कुणाचा आहे हे आपण नीट विचारलेलं नाही, आणि आहे त्या माहितीत तो भर किती घालतो हे तर त्याहून कमी वेळा विचारलंय.

मूकवाचक:

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

चांदणचुरा:

चांगला धागा. मी त्या दुसऱ्या धाग्यावर +१ देणाऱ्यांतली नाही पण वाचून धसका मात्र घेतला होता. आमच्या घरात एकांचं ऑपरेशन झालंय, कोलन, स्टेज टू, गाठ पूर्ण काढली, नोड्स (लसिका ग्रंथी) क्लीन. आता किमो द्यायची की नाही यावर डॉक्टर म्हणतायत 'दोन्ही चालेल, तुम्ही विचार करून सांगा', आता यात आम्ही काय डोंबल विचार करणार! नेटवर शोधलं तर मायक्रोआरएनए पॅनेल वगैरे दिसतं. तर सरळ प्रश्न, ही टेस्ट करून घेतली तर किमोचं ठरवता येईल का?

सूक्ष्मदर्शी:

चांदणचुरा, तुम्ही नेमक्या त्याच जागी बोट ठेवलंत जिथे अशा टेस्टची खरी गरज आहे. स्टेज वनला ऑपरेशन पुरतं, स्टेज थ्रीला किमो देतातच, अडचण स्टेज टूची. तिथे बहुतेक जण नुसत्या ऑपरेशननेच बरे होतात पण काहींचा आजार परत येतो, आणि ते काही कोण हे आधी कळत नाही. क्वासर नावाची मोठी ट्रायल होती, ३,२३९ पेशंट, बहुतेक स्टेज टू, त्यात किमोचा फायदा शंभरात साधारण साडेतीन जणांना इतकाच निघाला. म्हणजे उरलेल्यांनी फुकट त्रास काढला, किंवा काढूनही आजार परत आला.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, नाही, आजच्या घडीला मायक्रोआरएनएवरून किमो ठरवा असं कुठल्याही मोठ्या मार्गदर्शक तत्त्वात नाहीये. पण हातातल्या रिपोर्टमधे विचारण्यासारखं बरंच असतं. पॅथोबा इकडे येतात का कधी? त्यांनी सांगितलेलं बरं.

पॅथोबा:

बोलावलंत आणि आलो. दिवसभर स्लाइडा बघून डोळ्यांचं भरीत झालंय तरी लिहितो.

चांदणचुराताई, पॅथॉलॉजी रिपोर्ट काढा आणि एवढं बघा. टी३ लिहिलंय की टी४, म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेलीये, टी४ असेल तर जोखीम बरीच वाढते. नोड किती तपासले, १२ पेक्षा कमी असतील तर 'नोड क्लीन' या वाक्यावर मी स्वतः फार विसंबत नाही कारण शोधलेच नाहीत तर सापडणार कुठून. रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत पेशी दिसल्या का, आतडं फुटलं होतं का, अडथळा होऊन घाईत ऑपरेशन झालं का, पेशींची ग्रेड काय. आणि सगळ्यात महत्त्वाचं एमएसआय किंवा मिसमॅच रिपेअरची तपासणी (गाठीतली डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलीये का ते बघणारी) झालीये का, नसेल तर आधी ती मागा. स्टेज टूमधे एमएसआय-हाय (म्हणजे ती बिघडलेली) असेल तर पुढचं चित्र मुळातच चांगलं असतं आणि नुसत्या ५-एफयू या किमोच्या औषधाचा फायदा दिसत नाही, तिथे बऱ्याचदा प्रश्नच मिटतो. ही तपासणी गाठीच्या मेणात ठेवलेल्या ब्लॉकवरच होते, नवीन तुकडा काढायला लागत नाही.

एवढं सगळं हातात आलं की 'दोन्ही चालेल' चं पारडं कुठेतरी झुकतंच, मग डॉक्टरांना परत भेटा.

चांदणचुरा:

बापरे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. रिपोर्ट काढला, पीटी३ आहे, नोड १७ तपासलेत, एमएसआयचा उल्लेखच नाही. उद्याच फोन करते. दोघांचेही मनापासून आभार.

नवशिका_०७:

मी एमएस्सी करतोय, प्रोजेक्टसाठी हाच विषय घ्यायचाय त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. फक्त मिर-२१ पकडून बोलणं जुनं झालं, २०१३ मधे लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत सहा मायक्रोआरएनएचं पॅनेल आलंय की, मिर-२१, मिर-२०ए, मिर-१०३ए, मिर-१०६बी, मिर-१४३ आणि मिर-२१५, खास स्टेज टू कोलनसाठीच, बाहेरच्या पेशंटवर पडताळणीसुद्धा केलेली. आणि त्यांच्या हाय रिस्क गटाला किमोचा फायदा झालेला दिसतो असंही म्हटलंय. मग अजून काय पाहिजे? वापरत का नाहीत लोक?

सरासरी:

नवशिका, त्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात नाजूक आहे. एखादी गोष्ट 'आजार परत येईल का' सांगते आणि एखादी 'हे औषध लागू पडेल का' सांगते, ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिलं जमलं म्हणून दुसरं आपोआप जमत नाही. म्हातारपण वाईट भविष्य सांगतं पण म्हणून म्हाताऱ्यांना किमोचा जास्त फायदा होतो असं नाही ना. दुसरं सिद्ध करायचं तर किमो मिळालेले आणि न मिळालेले चिठ्ठ्या टाकल्यासारखे, रँडम वाटलेले हवेत. जुन्या फायलींतून बघितलं तर किमो कुणाला दिली हे डॉक्टरच्या नजरेने ठरलेलं असतं, धडधाकट माणसाला दिली जाते, मग फायदा औषधाचा की धडधाकटपणाचा हे वेगळं काढता काढता नाकी नऊ येतात. त्या पेपरमधलं किमोवालं विश्लेषण मागाहून जोडलेलं होतं. वाईट नाही, पण पुढच्या ट्रायलचं निमंत्रण इतकीच त्याची किंमत.

आणि पॅनेल कसं बनतं तेही बघ. मिरबेस या डेटाबेसमधे माणसाचे २,६०० च्या वर मायक्रोआरएनए नोंदवलेत. सगळे तपासून पी व्हॅल्यूला (संबंध नसताना योगायोगाने असा निकाल यायची शक्यता) ०.०५ ची रेघ लावली तर काहीही संबंध नसताना १३० च्या आसपास 'महत्त्वाचे' निघतील, निव्वळ योगायोगाने. त्यात परत प्रत्येकाचा कटऑफ (हाय आणि लो यांच्यातली सीमा) डेटा बघून निवडायचा, जिथे पी व्हॅल्यू सगळ्यात सुंदर दिसते तिथे. अशा पेपरांत हाय आणि लो गटांच्या रेघा छान दूर दूर जाताना दिसतात आणि पुढच्या पेपरात तोच कटऑफ लावला की एकमेकींच्या गळ्यात पडतात. रिमार्क नावाची नियमावली २००५ पासून आहे, कटऑफ कसा निवडला ते लिहा, किती पेशंट गळले ते लिहा, स्टेजसोबत एकत्र मॉडेल दाखवा. कागदोपत्री सगळे पाळतात!

कुंपणावरचा:

सरासरीसाहेब, हेझार्ड रेशो अडीच म्हणजे आजार परत यायची शक्यता अडीचपट असंच ना? मग ते तर भयंकरच आहे, तुम्ही एवढे थंड कसे?

सरासरी:

आकडेमोड करून दाखवतो, समजा म्हणूनच घ्या, हे कुठल्या अभ्यासाचे आकडे नाहीत. समजा 'मिर-२१ लो' गटात पाच वर्षांनी शंभरातले ८८ जण ठणठणीत आहेत. हेझार्ड रेशो २.५ असेल तर हाय गटात किती? ०.८८ चा अडीचावा घात, म्हणजे ०.७३. शंभरातले ७३. म्हणजे टेस्ट 'हाय' आली तरी चारातले जवळजवळ तीन जण काहीही न करता बरे, आणि 'लो' आली तरी शंभरात १२ जणांना आजार परत. आता रेशो १.५ वर घसरला असं धरा, पहिल्या पेपरनंतर सहसा घसरतोच, तर हाय गटात ८२-८३. एवढ्याशा फरकावर एखाद्याला ऑक्झॅलिप्लॅटिन हे किमोचं औषध देऊन हातापायांच्या मुंग्या आयुष्यभरासाठी मागे लावणार का? आणि मुख्य म्हणजे टी४ आणि एमएसआय माहीत असताना हा फरक किती उरतो, खरा प्रश्न तोच.

आडवातिडवा:

म्हणजे थोडक्यात हा सगळा पेपर छापायचा कारखाना आहे. पंधरावीस वर्षं मिर अमुक मिर तमुक चाललंय आणि पेशंटच्या हातात शून्य. ग्रँट मिळवा, हीटमॅप रंगवा, 'प्रॉमिसिंग बायोमार्कर' लिहून मोकळे व्हा. नोबेलसुद्धा देऊन झालं २०२४ ला.

सूक्ष्मदर्शी:

आडवातिडवा, कारखाना आहे हे मान्य, त्यात मीही हमाली करते. पण नोबेल बायोमार्करला नव्हतं, जीन्सवर नियंत्रण ठेवायची एक नवीनच तऱ्हा सापडली त्याला होतं, ते सोळा आणे खरं आहे. आणि शून्य म्हणू नका, याच पेपरांच्या ढिगाऱ्यातून एक फार महत्त्वाची गोष्ट कळली, तीच सांगायला मी धागा काढला होता आणि गप्पांत राहून गेली.

गाठीचा तुकडा घेतला की त्यात फक्त कॅन्सरच्या पेशी नसतात. फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्या, पांढऱ्या पेशी, स्नायू, सगळं असतं, आणि आपण आरएनए काढताना सगळ्याचा एकच रस करतो. मग आलेला आकडा म्हणजे अख्ख्या गावाची सरासरी उंची मोजून एका घराबद्दल बोलण्यासारखं आहे. मिर-१४३ आणि मिर-१४५ चंच घ्या. २००३ पासून सगळे म्हणत होते की हे कॅन्सर दाबणारे आहेत, निरोगी आतड्यात भरपूर, गाठीत कमी, म्हणजे कॅन्सरच्या पेशींनी ते बंद केले. किती पेपर निघाले त्यावर. मग २०१४ मधे उंदरांवरचं एक काम आलं ज्यात नीट पेशीनिहाय बघितलं, तर हे दोघं आतड्याच्या अस्तराच्या पेशींत जवळपास नसतातच, ते असतात स्नायूंत आणि फायब्रोब्लास्टसारख्या आधार देणाऱ्या पेशींत! निरोगी तुकड्यात स्नायू जास्त, गाठीत अस्तराच्या पेशी जास्त, की झालं, कुणी काही बंद न करताच मिर-१४३ 'कमी' दिसणार. जे मुळात त्या पेशीत नव्हतंच ते तिने बंद केलं म्हणून आपण दहा वर्षं बोंबलत होतो.

मिर-२१ ची उलटी कथा. स्लाइडवर रंगवून बघितलं की मिर-२१ मुख्यतः गाठीच्या आजूबाजूच्या स्ट्रोमात, म्हणजे आधार देणाऱ्या भागात दिसतं, फायब्रोब्लास्टसारख्या पेशींत. डेन्मार्कमधल्या एका गटाने स्टेज टू पेशंटवर हे केलं, कोलनमधे मिर-२१ चा रंग जास्त असेल तर आजार लवकर परत, रेक्टममधे (गुदाशयात) मात्र तसा संबंध दिसला नाही. म्हणजे मिर-२१ जे सांगतंय ते बहुधा 'या गाठीने भोवती किती स्ट्रोमा गोळा केलाय' हे. आणि स्ट्रोमा जास्त असलेल्या गाठी वाईट वागतात हे तर २०१५ च्या सीएमएस वर्गीकरणात (जीन्सच्या हालचालीवरून या कॅन्सरचे पाडलेले चार प्रकार) वेगळ्या वाटेने आलंच, त्यातला चौथा प्रकार तोच.

पॅथोबा:

+१००. आणि आता आमची थोडी आरती ओवाळा, कारण स्ट्रोमाचं प्रमाण साध्या, नेहमीच्या रंगाच्या एच अँड ई स्लाइडवर डोळ्यांनी बघता येतं. ट्यूमर-स्ट्रोमा रेशो म्हणतात, ५० टक्क्यांच्या वर स्ट्रोमा असेल तर हाय. स्लाइड आधीच बनलेली, वेगळी टेस्ट नाही. मग पीसीआर लावून मिर-२१ मोजलंत आणि त्याने मला स्ट्रोमाच सांगितला तर मी काय नवीन कमावलं? टेस्टवाल्यांनी आधी या प्रश्नाला उत्तर द्यावं.

अजून एक गंमत सांगतो. ब्लॉकमधून आरएनए काढायला माझ्याकडे जे लोक येतात त्यांना मी स्लाइडवर पेनाने गोल करून देतो, एवढ्या भागातली गाठ घ्या म्हणून. मग ते दहा मायक्रॉनचे काप घेतात, ब्लेडने त्या गोलातलं खरवडतात, झायलीनमधे मेण घालवतात आणि पुढे त्यांचे सोपस्कार. आता तो गोल मी गाठीच्या मध्यावर केला की पुढच्या कडेला, यावर तुमचा आकडा पालटतो, कारण कडेला पेशी सुट्या होऊन स्ट्रोमात घुसत असतात. मिर-२०० कुटुंबाचं तर ठळकच दिसतं, ते पेशींना एकमेकींना धरून ठेवतं, झेब१ आणि झेब२ ला दाबतं, आणि घुसणाऱ्या कडेवर ते घसरतं. आणि यकृतात गेलेल्या गाठीत मिर-२००सी परत चढलेलं सापडतं! तर एकाच पेशंटचा मिर-२००सी 'कमी' का 'जास्त' हे माझ्या पेनावर अवलंबून. एवढ्या पेपरांच्या पद्धतीच्या रकान्यात हा गोल कुठे काढला ते एका ओळीत तरी कुणी लिहितं का?

नवशिका_०७:

हे भारी आहे, असा विचारच केला नव्हता. मग टिश्यूचा नाद सोडून रक्तातून मोजलं तर? मायक्रोआरएनए रक्तात टिकतात, आर्गोनॉटला चिकटून किंवा एक्झोसोममधे (पेशींनी सोडलेल्या इवल्याशा पिशव्या) बसून, म्हणजे परत परत मोजता येतील, ऑपरेशननंतर खाली आले का, परत चढले का वगैरे.

सूक्ष्मदर्शी:

टिकतात हे खरंच, टिश्यूच्या जुन्या ब्लॉकमधेसुद्धा मेसेंजर आरएनएचे तुकडे तुकडे झालेले असतात आणि हे २२ अक्षरी पठ्ठे शाबूत, हा त्यांचा मोठाच गुण. पण रक्तात दुसरीच डोकेदुखी आहे. २०१२ मधे एका गटाने गाठींच्या कॅन्सरसाठी सुचवलेले रक्तातले ७९ मायक्रोआरएनए तपासले, त्यातले ४६ रक्तपेशींतच भरपूर असतात असं निघालं. म्हणजे रक्तातल्या आकड्यात गाठीचा आवाज कमी आणि रक्तपेशींचा गोंगाट जास्त.

सगळ्यात वाईट म्हणजे रक्त काढताना लाल पेशी फुटणं. सुई बारीक होती, ट्यूब जोरात हलवली, सेंट्रिफ्यूज करायला उशीर झाला, काहीही पुरतं. लाल पेशींत मिर-४५१ए आणि मिर-१६ खच्चून भरलेले असतात, मिर-९२ए सुद्धा असतं, आणि मिर-९२ए हा कोलन कॅन्सरचा नावाजलेला मार्कर! त्यात मिर-१६ ला बरेच जण रेफरन्स म्हणून वापरतात, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून बाकीचे मोजायचे तोच पेशी फुटल्या की वर जाणार आणि बाकी सगळे आपोआप 'कमी' दिसणार. यावर साधा उपाय आहे, मिर-२३ए आणि मिर-४५१ए दोन्ही मोजा, दोघांच्या सीटीमधला (पीसीआरमधे कितव्या सायकलला सिग्नल दिसला तो आकडा) फरक ७ च्या वर गेला की सॅम्पल संशयास्पद धरा, शिवाय प्लाझ्मा ४१४ नॅनोमीटरवर बघा, हिमोग्लोबिन तिथे चाडी करतं. प्लाझ्मा गुलाबी दिसेपर्यंत थांबू नका, डोळ्याला पिवळाधमक दिसणारासुद्धा बिघडलेला असू शकतो. हेपरिनच्या ट्यूबमधलं रक्त तर घेऊच नका, हेपरिन पीसीआरलाच खोडा घालतं. सीरम आणि प्लाझ्माचे आकडे एकमेकांत मिसळू नका, रक्त गोठताना प्लेटलेट आपला माल त्यात ओततात.

आणि सीटीबद्दल एक, दोन सॅम्पलमधे एका सायकलचा फरक म्हणजे दुप्पट. कुणी 'मिर-२१ दुप्पट वाढलं' म्हणून नाचत असेल तर तो एका सायकलवर नाचतोय, आणि पिपेटिंग, आरएनए काढण्याचं किट, रेफरन्सची निवड, यांतून एक सायकल कधी सरकते ते कळतसुद्धा नाही. ब्लॉकच्या कामात यू६ रेफरन्स म्हणून सर्रास वापरतात, ते तर जातीने वेगळंच आरएनए आहे, लांबही जास्त, ब्लॉक जसजसा जुना होतो तसं ते मायक्रोआरएनएपेक्षा वेगळ्या वेगाने खराब होतं. मग जुने पेशंट आणि नवे पेशंट यांच्यात जो फरक दिसतो तो आजाराचा की ब्लॉकच्या वयाचा? जुन्या पेशंटचा फॉलोअप लांब, मृत्यूही जास्त नोंदवलेले, झाला की तुमचा प्रोग्नॉस्टिक (भविष्य सांगणारा) मार्कर तयार.

कुंपणावरचा:

हे वाचून आता कशावरच विश्वास बसेना. मग ऑपरेशननंतर काही उरलंय का हे रक्तातून कळायचा मार्गच नाही?

सरासरी:

आहे की, पण तो मायक्रोआरएनएचा नाही, सीटीडीएनएचा, म्हणजे रक्तात आलेल्या गाठीच्या डीएनएच्या तुकड्यांचा. गाठीतलं म्युटेशन आधी शोधायचं आणि ऑपरेशननंतर तेच रक्तात दिसतं का बघायचं. म्युटेशन निरोगी पेशीत नसतं, त्यामुळे रक्तपेशींचा गोंगाट आपसूक बराच कमी होतो, मायक्रोआरएनएला ही सोय नाही, तोच मिर-२१ सुजेतही वाढतो, हृदयाच्या आजारातही वाढतो. डायनॅमिक नावाची ट्रायल २०२२ मधे आली, ४५५ पेशंट, सगळे स्टेज टू, रँडम वाटलेले. एका गटात किमो सीटीडीएनए बघून ठरवली, दुसऱ्यात नेहमीसारखी. किमो मिळालेले १५ टक्के विरुद्ध २८ टक्के, आणि दोन वर्षांनी आजार न परतलेले ९३.५ विरुद्ध ९२.४ टक्के. म्हणजे किमो जवळजवळ निम्म्यावर आली आणि नुकसान काही नाही. बायोमार्करने निर्णय बदलून दाखवणं म्हणजे हे असं. मायक्रोआरएनएवाल्यांनी अशी एक तरी ट्रायल करावी मग मी स्वतः हार घेऊन येतो.

आडवातिडवा:

बघा, मी काय म्हणत होतो.

सूक्ष्मदर्शी:

तुम्ही कारखाना म्हणत होतात, सरासरी पुरावा मागतायत. दोन्हींत फरक आहे राव.

एक जागा अशी आहे जिथे मला अजून आशा वाटते, मिर-३१. हा उजव्या बाजूच्या, ब्राफ या जीनमधे म्युटेशन असलेल्या गाठींत जास्त असतो. त्यातला मिर-३१-३पी फायर-३ या रँडमाइझ्ड ट्रायलच्या साठवलेल्या सॅम्पलवर मोजला, ज्यांच्या गाठीत तो कमी होता त्यांना बेव्हासिझुमॅबपेक्षा सेटुक्सिमॅबचा फायदा जास्त दिसला, जास्त होता त्यांच्यात तसा दिसला नाही. म्हणजे इथे प्रश्न औषध निवडीचा आहे आणि वाटणी रँडम आहे, सरासरींनी वर मागितलं तसंच. हा आजार पसरलेल्या पेशंटचा मामला, स्टेज टूचा नाही. आणि इथेही 'गाठ डावीकडे का उजवीकडे' एवढ्या साध्या माहितीपलीकडे मिर-३१ किती देतो हे विचारायलाच हवं, पॅथोबा नाहीतर पेन घेऊन मागे लागतील.

औषध म्हणून वापरायचाही एक प्रयत्न झाला होता, मिर-३४ए ची नक्कल चरबीच्या गोळ्यात भरून शिरेतून द्यायची, पण २०१६ मधे रोगप्रतिकारशक्तीचे गंभीर दुष्परिणाम झाल्याने ती ट्रायल बंद पडली. तो वेगळ्या धाग्याचा विषय.

चांदणचुरा:

मधेच येते. ब्लॉक शोधून एमएसआयची तपासणी लावतायत, रिपोर्टला वेळ लागेल म्हणाले. किमो सुरू करायची झाली तर उशीर होईल का ही नवीन काळजी.

पॅथोबा:

किमो द्यायची ठरली तर साधारण ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांच्या आत सुरू करतात. तेवढ्यात इम्युनोचा (मिसमॅच रिपेअरची तीच तपासणी, प्रोटीन रंगवून केलेली) रिपोर्ट यायला हरकत नाही, चार प्रोटीनचे रंग असतात, एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. डॉक्टरांना तारीख सांगून ठेवा म्हणजे लॅबच्या मागे तेच लागतील. आणि एमएलएच१ गायब आला तर पुढे ब्राफ किंवा मिथिलेशन बघतात, बाकीच्यांपैकी काही गायब असेल तर घरच्यांसाठी जेनेटिक समुपदेशन सुचवतात, तेव्हा घाबरू नका, तो ठरलेला क्रम आहे.

नवशिका_०७:

सूक्ष्मदर्शीताई, मग माझ्या प्रोजेक्टचं काय करू? टीसीजीएचा (कॅन्सरच्या गाठींचा मोठा खुला डेटाबेस) डेटा उतरवून मायक्रोआरएनए आणि सर्व्हायव्हल लावायचं असं ठरवलं होतं, आता ते करायला लाज वाटायला लागलीये.

सूक्ष्मदर्शी:

लाज कसली, डेटा फुकट आहे आणि चांगला आहे, प्रश्न बदल फक्त. कोलन आणि रेक्टम वेगळे ठेव, रेक्टमवाल्यांच्या उपचारांचा रस्ताच निराळा असतो. टीसीजीएचा फॉलोअप तोकडा आहे त्यामुळे एकूण आयुर्मानाऐवजी पीएफआय (आजार न वाढता, न परतता गेलेला काळ) घे. पहिल्या मॉडेलमधे फक्त स्टेज, वय आणि एमएसआय टाक, दुसऱ्यात त्यावर मिर-२१ चढव, आणि दुसरं पहिल्यापेक्षा खरंच किती सरस ठरतं ते मोज, नुसती पी व्हॅल्यू नको. मग तिसरं मॉडेल, त्यात त्याच पेशंटच्या मेसेंजर आरएनएवरून काढलेला स्ट्रोमल स्कोर घाल आणि मिर-२१ उभं राहतं का पडतं ते बघ. कटऑफ पाडू नकोस, आकडा आहे तसा सलग वापर. मिर-१४३ आणि १४५ चंही हेच कर, ते स्ट्रोमाच्या मागोमाग चालताना दिसले तर प्रोजेक्टचं अर्धं काम तिथेच झालं.

पॅथोबा:

आणि टीसीजीएच्या स्लाइडांचे फोटोपण उघडे आहेत. पन्नासेक काढ, स्ट्रोमा डोळ्यांनी मोज आणि तुझ्या स्कोरशी ताडून बघ. अडलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, गोल मी काढून देतो.